जुनं सागवानी टेबल: रंगवायचं की पॉलिश?

मीनल, बी-३०४: नमस्कार मंडळी 🙏 जुन्या बाजारातून दोन ड्रॉवरचं टेबल उचललंय, १,४०० ला. वर हिरवा ऑइलपेंट फासलेला. त्यावर गेरूचा रंग देऊन पांढरी वारली काढायचीये, दाराशी चपलांच्या स्टँडशेजारी ठेवायला. सामान हजारात बसवायचंय. कुणी केलंय का?

जोशीकाका, ए-१०२: ड्रॉवर काढून उलटा कर. खालून कुणी रंगवत नाही, लाकूड कळेल.

मीनल: सोनेरी-तपकिरी आहे काका. कोपऱ्यांना खिळे नाहीत, लाकडातच दातेरी सांधा.

जोशीकाका: सागवान! रंगवलंस तर पाप लागेल.

सुनीताकाकू, सी-२०३: अहो, हिरवा रंग आधीच कुणीतरी फासलाय. पाप त्याला 😄 मीनल, भुंगा नाही ना? खाली पिठासारखी भुकटी पडते का बघ.

जोशीकाका: सागाच्या गाभ्याला सहसा लागत नाही. पण मागची फळी हलक्या लाकडाची असते, तिथे टाचणीएवढी भोकं शोध. दिसली तर औषध भरल्याशिवाय घरात घेऊ नकोस.

इरफानभाई, बी-१०१: ताई, ऑइलपेंटवर डायरेक्ट ॲक्रिलिक मारू नका, धरत नाही. नखाने सालं निघतात. १२० नंबरच्या वॉटरपेपरने चकाकी घालवा, खड्ड्यात लांबी (पुट्टी) भरा, वूड प्रायमर, वाळला की २२० हलक्या हाताने, मग रंग. प्रायमरमध्ये पैसे वाचवू नका. रंगाचा छोटा डबा पुरतो.

आणि कोरडं घासू नका. जुन्या ऑइलपेंटमध्ये शिसं असू शकतं. घरगुती रंगात ९० पीपीएमची (दहा लाख भागांत ९० भाग) मर्यादा नोव्हेंबर २०१७ पासून आली, हे टेबल त्याआधीचंच दिसतंय. वॉटरपेपर ओला करून घासा, मास्क लावा, लगदा ओल्या फडक्याने पुसून पिशवीत बांधा.

मीनल: बापरे, घरात दोन वर्षांचं पोर आहे.

सुनीताकाकू: मग गच्चीवर कर. पण शुक्रवारपर्यंत माझ्या कुरडया आहेत तिथे!!

रेवती, सी-४०१: माझं माहेर डहाणूचं, म्हणून एक सांगते. तांदळाच्या पिठाचं पांढरं भिंतीवर छान दिसतं, टेबलावर पहिल्याच ओल्या फडक्याला जाईल. पांढरं ॲक्रिलिकच घे. बांबूच्या काडीचं टोक ठेचून कुंचला कर, बाजारातल्या ब्रशने रेघ फार गुळगुळीत येते.

आणि वारलीतला लग्नाचा चौक चपलांशेजारी नको गं. त्यात पालघाट देवी असते, ते पूजेचं चित्र आहे. तारपा नाच काढ ना. मधे तारपा, म्हणजे फुंकून वाजवायचं वाद्य, वाजवणारा आणि भोवती वळत जाणारी माणसांची साखळी. ड्रॉवरच्या आडव्या फळीवर शेत, झाडं, बैल मस्त बसतील.

मीनल: बरं झालं सांगितलंस! मी नेमका चौकच काढणार होते.

जोशीकाका: माझं ऐकशील? वरची फळी खरवडून मेणपॉलिश कर. रंगकाम ड्रॉवरच्या तोंडावर आणि बाजूंना.

इरफानभाई: काकांचं बरोबर आहे, वरच्या फळीवर रंग टिकतही नाही. किल्ल्या, पिशव्या, सगळं तिथेच आपटतं. पेंट रिमूव्हरचे पैसे वाढतील, पण तेवढा रंग कमी लागेल. हातमोजे घाला, ते कातडीला झोंबतं. शेवटी चित्रावर पाण्याचं मॅट वॉर्निश, दोन पातळ हात. तेलाचं मारलंत तर पांढरं पिवळट पडेल.

मीनल: ठरलं. वर साग, खाली तारपा. काका, खरवडायची पट्टी आहे का तुमच्याकडे?

जोशीकाका: आहे. जाडी पट्टी देतो, पातळ वाकते. लाकडाच्या रेषेच्या दिशेनेच ओढ, आडवी नको.

सेक्रेटरी, ए-३०१: गच्चीची किल्ली शनिवारी सकाळी वॉचमनकडे ठेवतो. खाली वर्तमानपत्रं अंथरा, रिमूव्हरचा डबा लिफ्टमधून उघडा नेऊ नका. मागच्या वेळी वास दोन दिवस गेला नव्हता.

सुनीताकाकू: आणि टेबल वर चढवणार कोण? चौथ्या मजल्याच्या पुढे लिफ्ट जात नाही.

इरफानभाई: मी आणि जोशीकाकांचा नातू. ताई, ड्रॉवर आधी वेगळे न्या.