मदत हवी आहे: टायनी कोअरवर टेसरॅक्ट बांधलं, पण रीबूट केल्यावर लायब्ररी सापडत नाही

नमस्कार मंडळी,

फोंडा तालुक्यातल्या आमच्या गावच्या वाचनालयात जुन्या स्मरणिकांनी भरलेलं एक कपाट आहे. जत्रेतल्या नाटकांच्या, भजनी सप्ताहांच्या, मंडळांच्या वर्धापनदिनांच्या. पावसाळ्यातल्या ओलीने पानं एकमेकांना चिकटायला लागली, म्हणून त्या आम्ही स्कॅन करून ठेवल्या. आता माणसं येऊन विचारतात, "आमच्या आजोबांनी कुठल्या साली कुठल्या नाटकात काम केलं होतं?" आणि आम्ही एकेक पान उघडून शोधत बसतो. मजकूर छापील आहे. टेसरॅक्टने (चित्रातली अक्षरं ओळखून मजकूर देणारा प्रोग्राम) तो ओळखून घेतला तर नाव टाइप करून शोधता येईल. ४ थ्या आवृत्तीपासून त्यात न्यूरल नेटवर्कवर चालणारं इंजिन आलं आहे आणि मराठीसाठी तयार डेटा फाईलही मिळते.

संगणक तीन, तिन्ही दान आलेले. ३२ बिट, रॅम १ जीबी. त्यांच्यावर टायनी कोअर (अगदी छोटं लिनक्स) इतकं छान पळतं की दुसरं काही टाकायची इच्छा नाही. टेसरॅक्टची ५ वी आवृत्ती एका मशीनवर सोर्समधून (मूळ कोडमधून) बांधायची, टीसीझेड (टायनी कोअरचं पॅकेज) करायची आणि बाकी दोघांवर नुसती कॉपी करायची, असा बेत आहे.

बांधायला कंपाइलटीसी आणि पॅक करायला स्क्वॉशएफएस-टूल्स घेतलं. सुरुवातीला सोर्स होममध्येच उघडला होता. टायनी कोअरमध्ये होम रॅममध्ये असतं, त्यामुळे सोर्सनेच रॅम भरत गेली आणि कंपायलर अर्ध्यावर 'किल्ड' म्हणून थांबला. दुसऱ्या खेपेला वीज गेली आणि केलेलं सगळं गेलं. आता डिस्कच्या पार्टिशनवर फोल्डर केलाय, स्वॅप (रॅम कमी पडली की वापरायची डिस्कवरची जागा) दिलाय आणि मेक (बांधणारी कमांड) एकाच जॉबने चालवतो. वेळ खूप लागतो, पण मध्ये वीज गेली तरी पुन्हा मेक दिलं की राहिलं होतं तिथून पुढे जातं.

आधी लेप्टोनिका (टेसरॅक्टला चित्रं वाचायला लागणारी लायब्ररी) बांधून सरळ मेक इन्स्टॉल केलं. मग टेसरॅक्ट. कॉन्फिगरला (बांधण्याआधी लागणाऱ्या गोष्टी तपासणारी स्क्रिप्ट) लेप्टोनिका सापडलं, मेक पूर्ण झालं, डेस्टडीर देऊन रिकाम्या फोल्डरमध्ये इन्स्टॉल केलं, एमकेस्क्वॉशएफएसने टीसीझेड केली, ती पॅकेजांच्या ऑप्शनल फोल्डरमध्ये ठेवली आणि ऑनबूटच्या (सुरू होताना चढवायच्या) यादीत नाव घातलं. सीफ्लॅग्जमध्ये (कंपायलरला द्यायच्या सूचनांत) मार्च-नेटिव्ह दिलं होतं, वेग मिळेल म्हणून.

तेव्हा कमांड चालत होती. रीबूट केल्यावर मात्र लेप्टोनिकाची शेअर्ड लायब्ररी उघडता येत नाही असा एरर येतो. टीसीझेड दोनदा नव्याने बांधली, फरक नाही.

दुसरी गोष्ट रीबूटच्या आधीचीच. पीएनजी स्कॅन दिला की पीएनजी वाचायचं फंक्शनच उपलब्ध नाही असं येत होतं. तेच पान पीएनएममध्ये (चित्राचा साधा फॉरमॅट) बदलून दिलं तर मराठी ओळी व्यवस्थित आल्या. या दोन्ही गोष्टींचा एकमेकींशी संबंध आहे का? टीसीझेडमध्ये माझं काय चुकतंय?

प्रतिसाद, मडगावहून:

तुमची टीसीझेड ठीक दिसते. राहिलंय ते लेप्टोनिका. ते सरळ मेक इन्स्टॉल केलंत, म्हणजे यूएसआर-लोकलमध्ये गेलं, आणि टायनी कोअरमध्ये ती जागा रॅममध्ये असते. मशीन बंद झालं की पुसलं. टेसरॅक्ट पॅकेजमध्ये होतं म्हणून परत आलं, लेप्टोनिका कुठल्याच पॅकेजमध्ये नव्हतं. टेसरॅक्टच्या फाईलवर एलडीडी (कुठल्या लायब्ररी लागतात ते दाखवणारी कमांड) चालवा, 'नॉट फाउंड' कुणापुढे येतं ते लगेच दिसेल.

पीएनजीचं कारण वेगळं आहे. लेप्टोनिका बांधताना पीएनजी, जेपेग, टिफ यांचे डेव्ह एक्स्टेन्शन (बांधताना लागणारी पॅकेजं) लोड केलेले नसतील. ते नसले तरी कॉन्फिगर थांबत नाही, ते फॉरमॅट गाळून पुढे जातं. पीएनएम वाचायला बाहेरची लायब्ररी लागत नाही, म्हणून ते चाललं. कॉन्फिगरने काय सापडलं म्हटलंय ते दरवेळी वाचत चला.

आता असं करा. आधी रीबूट करा, सुटं पडलेलं सगळं आपोआप जाईल. तिन्ही डेव्ह लोड करा आणि लेप्टोनिका मेक क्लीन करून पुन्हा कॉन्फिगरपासून बांधा, यावेळी तेही डेस्टडीरमध्ये. त्याचे दोन भाग करा: चालायला लागणाऱ्या लायब्ररी एका टीसीझेडमध्ये, हेडर आणि पीकेजी-कॉन्फिगच्या फाईली डेव्ह टीसीझेडमध्ये. दोन्ही टीसीई-लोडने चढवा (सुडो न लावता) आणि मगच टेसरॅक्टला हात घाला. शेवटी टेसरॅक्टच्या डेप फाईलमध्ये (सोबत लागणाऱ्या पॅकेजांची यादी) लेप्टोनिकाचं नाव आणि लेप्टोनिकाच्या डेपमध्ये पीएनजी, जेपेग, टिफची नावं. डेप फाईलमध्ये डेव्हची नावं घालू नका, ती फक्त बांधताना लागतात. पॅक करण्याआधी स्ट्रिप चालवा, डीबगची माहिती निघून आकार बराच उतरतो.

प्रतिसाद, डिचोलीहून:

मार्च-नेटिव्ह काढा. त्याने कोड बांधणाऱ्या मशीनच्या प्रोसेसरपुरता होतो. बाकी दोघांतला एखादा त्याहून जुना निघाला तर 'इल्लीगल इन्स्ट्रक्शन' म्हणून प्रोग्राम पडेल. ३२ बिट टायनी कोअरसाठी मार्च आय-४८६ आणि एमट्यून आय-६८६ देतात, तेच ठेवा. आणि तिन्हीकडे टायनी कोअरची मुख्य आवृत्ती एकच असू दे.

अजून एक. होममध्ये जुना सोर्स उरला असेल तर काढून टाका. बंद करताना बॅकअप घेत असाल तर होम त्यात जातं, आणि दरवेळी बंद व्हायला उगाच वेळ लागेल.

मूळ प्रश्नकर्ता:

दोघांचेही मनापासून आभार. एलडीडीत खरंच एकटं लेप्टोनिकाच 'नॉट फाउंड' होतं. सांगितलंत तसं सगळं पहिल्यापासून बांधलं, दोन रात्री गेल्या. काल रीबूट करून पीएनजी सरळ दिला आणि पान वाचलं गेलं. मराठीची डेटा फाईल वेगळ्या टीसीझेडमध्ये टेसडेटाच्या फोल्डरसकट ठेवली, म्हणजे ती बदलायची झाली तरी टेसरॅक्टला हात लावावा लागणार नाही. दुसऱ्या मशीनवर चार टीसीझेड आणि त्यांच्या डेप फाईली कॉपी केल्या, तिथेही चाललं. तिसरं, सगळ्यात जुनं, रविवारी करतो.

एका स्मरणिकेतली पात्रयादी आज मजकूर म्हणून उघडली. शाई फुटलेल्या जागी जोडाक्षरं चुकली आहेत, ती हाताने दुरुस्त करू. नावं मात्र शोधली की सापडतात. देव बरें करूं.