शाळेजवळच्या टपऱ्या: कारवाईसाठी सरकारने वेगळा निधी द्यावा का?

कर्वेनगरकर: काल संध्याकाळी क्लाससमोरच्या टपरीवर युनिफॉर्ममधली दोन पोरं. एकाने वीसची नोट ठेवली, टपरीवाल्याने वर न बघता एक सुटी सिगारेट काढून दिली. दोरीला लोंबणाऱ्या लायटरवर पेटवली आणि आळीपाळीने ओढत उभी राहिली. वर 'अठरा वर्षांखालील व्यक्तीस विक्री दंडनीय' ही पाटी आहे, पण तिच्याच खिळ्याला वेफर्सची माळ अडकवलेली. अर्धी पाटी त्यामागे.

कायदा २००३ चा. अठराच्या आतल्यांना विकायचं नाही, शाळा-कॉलेजपासून १०० यार्डांत तर कोणालाच नाही. राज्यात सुट्या सिगारेटवर २०२० पासून बंदी आहे. मग अडतं कुठे? बघायला माणूस नाही. कॅलिफोर्नियात २०१६ साली जनमत घेऊन पाकिटामागे दोन डॉलर कर वाढवला, त्यातला काही भाग स्थानिक पोलिसांना याच कामासाठी अनुदान म्हणून जातो. लहान वयाचं पोर देखरेखीखाली गिऱ्हाईक म्हणून पाठवतात. विकलं की दुकानदार अडकला. आपल्याकडेही तंबाखूवरच्या करातून असा निधी शहरांना का नको?

पेठेतले अण्णा: दंड किती हो? दोनशे रुपये. तेही 'पर्यंत'! दोनशेची पावती फाडायला सरकारने गाडी, ड्रायव्हर आणि डिझेल द्यायचं. निधी आला की मार्च अखेरीला तो संपवायची घाई, मग एक दिवस मोहीम, चार फोटो, एप्रिलला टपरी जागच्या जागी. गुटखा २०१२ पासून बंद आहे. पुण्यात कुठे मिळत नाही ते दाखवा, अमृततुल्य माझ्याकडून.

कर्वेनगरकर: अण्णा, दोनशेवर थांबू नका. बाल न्याय कायद्याचं कलम ७७ बघा. मुलाला तंबाखू दिली तर सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड.

टपरीवाल्याची लेक: सात वर्षं म्हणे! माझ्या बाबांची टपरी होती. मिसरूड फुटलेलं पोरगं आलं की वय कसं ओळखायचं? विचारलं तर ठरलेलं उत्तर, 'पप्पांसाठी नेतोय.' बाबांनी महिनाभर नाही म्हणून बघितलं. पोरं समोरच्या टपरीवर गेली, आणि त्यांच्यामागे चहा-बिस्किटाचं गिऱ्हाईकही गेलं. गाडी यायची तेव्हा बरण्यांसकट सगळं उचलायचे, त्यात गोळ्या-चॉकलेटही. आणि पाकिटं लावायचा झगमगीत रॅक फुकट बसवून जाणारा कंपनीचा माणूस? त्याच्यासाठी कोणाची गाडी आलेली मी पाहिली नाही. निधी आला की आधी आमच्यासारख्यांच्याच दारात येणार.

निवृत्त मास्तर: ताईंचं पटतं. पण म्हणून सोडून द्यायचं का? कॅलिफोर्नियात दुकानदाराला तंबाखू विकायचा परवाना लागतो. तो जाईल ही धास्ती असते, म्हणून ते खोटं गिऱ्हाईक कामाला येतं. आपल्याकडे टपरीकडे घालवण्यासारखं काहीच नाही. आधी परवाना, मग निधी.

शाळेबाहेर १०० यार्डांवर पिवळी रेघ मारायची असते. मी आणि शिपाई टेप धरून गेलो, साधारण ९१ मीटर. रेघ नेमकी एका टपरीच्या पोटातून गेली. दुसऱ्या दिवशी त्याने टपरी दोन हात पलीकडे सरकवली आणि मला म्हणाला, "आता बसतंय ना सर, कायद्यात?" पुढच्याच महिन्यात पाइपलाइनसाठी रस्ता खोदला, त्यात रेघही गेली.

पेठेतले अण्णा: रेघ गेली, टपरी राहिली. पुणं आहे हे! बरं, ते खोटं गिऱ्हाईक म्हणून पोर कोणाचं पाठवायचं? कोण आई-बाप तयार होतील?

कर्वेनगरकर: मी पाठवतो ना माझ्या मुलाला. सोळावं लागलंय.

टपरीवाल्याची लेक: पाठवा दादा, पण जरा लांबच्या टपरीवर. जवळचा त्याला नावाने हाक मारेल.