फोरमन रिटायर होतो तेव्हा त्याच्यासोबत काय काय जातं?

धागाकर्ता, हिंगणा एमआयडीसी
आमच्या प्रेस शॉपचे फोरमन काका मार्चमध्ये रिटायर झाले. 31 वर्षं नोकरी. शाल, श्रीफळ, फोटो सगळं झालं. सोमवारी मोठ्या प्रेसवर डाय (पत्रा कापायचा साचा) चढवली आणि पीसच्या कडेला बर, म्हणजे धातूची खरखरीत धार, येऊ लागली. डाय बसवताना काका डाव्या कोपऱ्याखाली कागदाएवढी पातळ शिम (धातूची पट्टी) सारायचे, कारण प्रेसच्या बेडचा, म्हणजे डाय बसते त्या पाटाचा, तो कोपरा झिजलाय. हे कुठेच लिहिलेलं नव्हतं. तिसऱ्या दिवशी काकांच्या घरी फोन केला तेव्हा कळलं. तोवर भंगाराचं पिंप दोनदा भरलं होतं.

आमच्याकडे सक्सेशन प्लॅन (कोणाच्या जागी पुढे कोण, याची तयारी) आहे, पण जीएमच्या खुर्चीपुरता. हा प्लॅन फोरमन, डाय सेटर, मेंटेनन्स फिटर यांच्यापासून सुरू व्हायला हवा. रिटायरमेंटच्या वर्षभर आधी हाताखाली माणूस द्या.

बुटीबोरीचा कारखानदार
भाऊ, तळमळ समजते. पण माझ्याकडे 40 माणसं. एका जागेला वर्षभर दोन पगार कुठून देऊ? एकदा दिले. आयटीआयचा पोरगा, हात चांगला बसला आणि चाकणला निघून गेला. शिवाय तुमचा खरा रोग झिजलेला बेड आहे. तो वेळेवर ग्राइंड केला असता तर शिम लागलीच नसती.

धागाकर्ता
बेडचं मान्य. पण तो झिजलाय हे एकालाच माहीत होतं, त्याचं काय? आणि त्या पोराला 'पुढचा फोरमन तू' असं कोणी स्पष्ट सांगितलं होतं का? अप्रेंटिस घेतला तर नॅप्स या केंद्राच्या अप्रेंटिस योजनेत स्टायपेंडचा काही भाग सरकार देतं, पूर्ण बोजा तुमच्यावर नाही.

निवृत्त एचआर, धरमपेठ
मला दोघांचंही पटत नाही. घरचाच वारस हवा हा हट्ट कशाला? आपल्या नागपूरच्या एम्प्रेस मिलचंच, त्या कापड गिरणीचंच बघा. 1877 साली सुरू झाली, जमशेटजी टाटांनी ती बेझनजी मेहतांच्या हाती दिली. ते रेल्वेतले, कापडाचा अनुभव नाही. तरी मिल नावारूपाला आणली.

धागाकर्ता
सर, आदर ठेवून सांगतो, मेहतांच्या जोडीला जेम्स ब्रुक्सबी होते, गिरणीच्या यंत्रांचे जाणकार. खाली असा माणूस असेल तर वर बाहेरचा चालतो. आमच्याकडे तोच गेला.

बुटीबोरीचा कारखानदार
पोराला मी तसं सांगितलं नव्हतं, हे खरं. पण चाकणवाले जास्त पगार देत असताना नुसत्या शब्दावर तो थांबला असता का? छोट्या युनिटमध्ये कोणी असा माणूस टिकवला असेल तर कसा, ते इथे लिहा. माझा टूल रूमवाला पुढच्या दिवाळीत रिटायर होतोय.