उत्तर: आयबीएक्सचं पत्र – लेटरहेडवर की नाही?

प्रेषक: एल्महर्स्टकर

मंडळी,
आयबीएक्सच्या (इंटरबरो एक्सप्रेस, न्यूयॉर्कच्या क्वीन्स आणि ब्रुकलिनला जोडणारी नियोजित रेल्वे) पत्राचा मसुदा सगळ्यांना पाठवलाय. मजकुरावर कोणी चकार शब्द काढलेला नाही, फोन येतायत ते पत्र मंडळाच्या लेटरहेडवर पाठवायचं की नाही यावरून. म्हणणं मांडायची मुदत संपत आलीये आणि कार्यकारिणी गणपतीनंतरच भेटणार, तेव्हा काय ते इथेच बोला.

मागण्या पुन्हा सांगतो. इंटरबरो एक्सप्रेसला मंडळाचा पाठिंबा. रूझवेल्ट अव्हेन्यू स्टेशनला वरच्या सात नंबरच्या सबवे गाडीच्या प्लॅटफॉर्मवरून थेट नव्या प्लॅटफॉर्मपर्यंत लिफ्ट. आणि राज्याने उरलेला पैसा बजेटमध्ये घालावा, कारण एमटीए या न्यूयॉर्कच्या वाहतूक संस्थेच्या २०२५-२९ च्या आराखड्यात ५.५ अब्ज डॉलरपैकी २.७५ अब्जच धरलेत.

---

प्रेषक: खजिनदार

मसुदा वाचला. भाषा उत्तम. लेटरहेड मिळणार नाही.

आपण ५०१(सी)(३), म्हणजे करमुक्त ना-नफा संस्था आहोत. राजकारणात पडलो आणि करसवलत गेली तर देणगीदारांपुढे मला उभं राहावं लागेल, पत्र लिहिणाऱ्याला नाही. ज्यांना हौस आहे त्यांनी आपापल्या नावाने सह्या कराव्यात. शिवाय निम्म्याहून जास्त सभासद हडसन नदीपलीकडे, न्यू जर्सीत राहतात. त्यांच्या वर्गणीवर क्वीन्सची ट्राम कशासाठी?

---

प्रेषक: एडिसनहून

खजिनदारसाहेब, हडसनपलीकडच्यांना विचारलंत कधी? दर वेळी आमच्या नावाने परस्पर नकार जातो. कोजागरीच्या हॉलचंही तेच झालं होतं.

आणि ट्राम नव्हे, लाइट रेल. आमच्याकडे हडसन-बर्गन लाइन २००० सालापासून धावतेय, एकदा बसून बघा. मी अंधेरीत वाढलो, कॉलेज घाटकोपरला. नकाशावर हाताच्या अंतरावर, पण लोकलने जायचं तर दादरपर्यंत खाली या, पूल चढा, सेंट्रलची गाडी पकडा आणि तेवढंच पुन्हा वर जा. २०१४ साली मेट्रो वन आली आणि ११ किलोमीटरमध्ये हे सगळं दुखणं संपलं. क्वीन्स-ब्रुकलिनचं तेच आहे. सगळ्या गाड्या मॅनहॅटनकडे तोंड करून. माझी सही घ्या.

---

प्रेषक: बे रिजचे काका

लाइट रेलचं कौतुक चाललंय म्हणून लिहितो. रीजनल प्लॅन असोसिएशन या नियोजन संस्थेने १९९६ मध्ये ही लाइन मांडली ती ब्रॉंक्सपर्यंत जाणारी होती. तेव्हापासून मी ह्या लिस्टवर आणि त्याआधी मंडळाच्या अंकात हेच सांगतोय, जुन्यांना आठवत असेल. २०२२ ला गव्हर्नर होकल यांनी जाहीर केलं तेव्हा ब्रॉंक्स गळलेलं, कारण हेल गेट पुलावरून मेट्रो-नॉर्थची उपनगरी गाडी न्यायचीय. उरलं जॅक्सन हाइट्स ते ब्रुकलिन आर्मी टर्मिनल, १४ मैल, १९ स्टेशनं.

२०२३ मध्ये लाइट रेल निवडली त्याचं एक मोठं कारण मेट्रोपॉलिटन अव्हेन्यूपाशी गाडी थोडी रस्त्यावरून न्यावी लागणार होती हे. सबवेची गाडी रस्त्यावर चालत नाही. आता तिथे बोगदा करायचं ठरलंय, टोकापासून टोकाला ३२ मिनिटं म्हणतात. मग रस्ता संपला तर लाइट रेलचा हट्ट का? पत्रात हा प्रश्न हवा. लेटरहेड असो नसो.

---

प्रेषक: सचिव

विषयाबाहेरचं, माफ करा. रविवारच्या तालमीला हॉलच्या किल्ल्या कोणाकडे आहेत?

---

प्रेषक: मिडल व्हिलेजच्या काकू

काकांना नम्रपणे सांगते, बोगदा ज्यांच्या घराखालून किंवा मागून जाणार त्यांना आधी विचारा. आमच्या परसाच्या कुंपणापलीकडे ह्याच लाइनचे रूळ आहेत. तिथून आजही मालगाडी जाते, कचऱ्याचे डबेही जातात. रात्री डबे जोडतात तेव्हा आधी एक दणका आणि मग तो डब्याडब्यातून लांब पळत जातो, इकडे मांडणीवरच्या ताटल्या किणकिणतात. उन्हाळ्यात वास वेगळाच. लोकांना वाटतं ती जुनी ओसाड लाइन आहे. प्रवासी गाडी १९२४ ला बंद झाली, माल कधीच थांबला नाही.

मी विरोधात नाही. माझी सून ब्रुकलिन कॉलेजला शिकवते, तिचा रोजचा वनवास मी बघते. पण 'मंडळाचा पाठिंबा' लिहिलंत की त्यात मी आपोआप आले. आवाजाच्या भिंती आणि रात्रीच्या कामाच्या वेळा पत्रात नसतील तर मला त्यात धरू नका.

किल्ल्या आमच्याकडे नाहीत.

---

प्रेषक: एल्महर्स्टकर

काकू, भिंतींचं वाक्य घातलं, लिफ्टच्या वरच. काका, लाइट रेल की मेट्रो हा वाद पत्रात आणला तर वाचणाऱ्याला वाटेल आम्हालाच नक्की ठाऊक नाही काय हवंय. तुम्ही वेगळं लिहा, मी त्यावर सही करतो.

सूनबाईंसारखाच माझा रस्ता. एफ सबवेने मॅनहॅटनचं हेराल्ड स्क्वेअर, तिथून क्यू सबवे धरून ब्रुकलिनचं अव्हेन्यू एच. दोनदा नदीखालून-नदीवरून, आणि मॅनहॅटनमध्ये काम शून्य.

---

प्रेषक: फ्लॅटबुशकर

खजिनदारांच्या मुद्द्याला कोणीच हात लावलेला नाही, सगळे एकमेकांच्या गाड्या मोजतायत.

५०१(सी)(३) ला पूर्ण बंदी आहे ती उमेदवाराच्या प्रचाराला. लॉबिंगला बंदी नाही, ते संस्थेच्या कामाचा मोठा भाग होऊ नये एवढंच. आणि आयआरएस या करखात्याच्या व्याख्येत लॉबिंग म्हणजे कायदेमंडळात एखादा कायदा व्हावा किंवा होऊ नये म्हणून केलेली खटपट. प्रशासकीय संस्थेपुढे एखाद्या प्रकल्पावर म्हणणं मांडणं त्यात येत नाही. म्हणजे एमटीएला 'लिफ्ट द्या, भिंती बांधा, लाइन करा' असं लिहिलं तर ते लॉबिंगच नव्हे.

पण मसुद्यातली तिसरी मागणी तशी नाही. राज्याच्या बजेटमध्ये पैसे घाला म्हणणं म्हणजे थेट कायदेमंडळाकडे मागणं, कारण बजेट हा कायदाच. तेही थोडक्यात चालतं. आयआरएसचा फॉर्म ५७६८ भरला तर लॉबिंग पैशात मोजता येतं, पहिल्या ५ लाख डॉलर खर्चाच्या २० टक्क्यांपर्यंत मुभा. आपला लॉबिंगवरचा खर्च म्हणजे एक ईमेल. तरी एकाच कागदावर दोन्ही कशाला? एमटीएचं पत्र लेटरहेडवर, बजेटचं वैयक्तिक सह्यांनी आपापल्या असेंब्ली सदस्याला. तेसुद्धा आपल्या मतदारांचंच जास्त ऐकतात, मंडळाचं नाही.

---

प्रेषक: बे रिजचे काका

फॉर्म ५७६८ मीच मागे सुचवला होता. कोणी भरला नाही.

---

प्रेषक: एडिसनहून

मग आम्ही जर्सीवाल्यांनी बजेटच्या पत्रावर सही करायची की नाही? आमचा असेंब्ली सदस्य ट्रेंटनला, जर्सीच्या विधिमंडळात बसतो, त्याला न्यूयॉर्कच्या बजेटचं काय.

---

प्रेषक: खजिनदार

एडिसन, तुम्ही लेटरहेडच्या पत्रात आलातच. बजेटचं सोडा.

फ्लॅटबुशकरांनी वेगळं करून दाखवलं ते पटलं. बजेटचा परिच्छेद काढून एमटीएचं पत्र पाठवायला माझी हरकत नाही, सचिवांची सही चालेल. काकूंचं वाक्य राहू द्या. काकांचा प्रश्न नको. फॉर्मचं पुढच्या सभेच्या विषयपत्रिकेवर घ्या, तोंडी नको.

लेटरहेडची ड्राइव्हवरची फाइल वापरू नका, त्यावर अजून मागच्या कार्यकारिणीची नावं आहेत. नवीन माझ्याकडे आहे, रात्री पाठवतो. किल्ल्याही माझ्याकडेच आहेत.