स्ट्रॅटेजी : धोरण, रणनीती की डावपेच?

प्रश्न : एका टेक कंपनीच्या वार्षिक अहवालाचं मराठी करतेय. ‘टेक्नॉलॉजी स्ट्रॅटेजी’ला ‘तंत्रज्ञान धोरण’ लिहिलं, तर तपासणाऱ्यांचा शेरा : धोरण सरकारचं असतं, इथे रणनीती हवी. ‘प्रॉडक्ट इव्होल्यूशन’ची ‘उत्क्रांती’ही त्यांना खटकतेय.

प्रतिसाद : शेरा अर्धाच बरोबर. रजेचं धोरण, उधारीचं धोरण कुठल्याही कंपनीत असतं. धोरण म्हणजे पुन्हापुन्हा लागू होणारा नियम. रणनीतीत समोर प्रतिस्पर्धी असतो, आणि काहीतरी सोडावं लागतं.

इंटेलचंच बघा. १९६८ साली सुरू झालेल्या या कंपनीचा जम मेमरी चिपवर बसला. ऐंशीच्या दशकात जपानी कंपन्यांनी तिला जेरीस आणलं. १९८५मध्ये कंपनीचा प्रेसिडेंट अँडी ग्रोव्ह याने सीईओ गॉर्डन मूरला विचारलं, आपल्याला काढून नवा प्रमुख आणला तर तो काय करेल? मूर म्हणाला, मेमरीतून बाहेर पडेल. मग दोघांनी तेच केलं आणि सगळी भिस्त मायक्रोप्रोसेसरवर, म्हणजे संगणकाचा मेंदू असलेल्या चिपवर, ठेवली. ही रणनीती.

पण गंमत पुढे आहे. कारखान्यात आधीपासून एक नियम होता : वेफरमागे (सिलिकॉनच्या ज्या चकतीवर चिप बनतात, ती वेफर) ज्या चिपचा नफा जास्त, तिला उत्पादनात आधी जागा. साहेबलोकांचं ठरेपर्यंत त्या नियमाने मेमरीची जागा बरीचशी खाऊन टाकली होती. हे धोरण. तुमच्या परिच्छेदात नियम आहे की निवड, ते बघा आणि शब्द घ्या.

प्रतिसाद : ‘डावपेच’ मात्र नको हं. ‘आमचे तंत्रज्ञानविषयक डावपेच’ वाचून भागधारक शेअर विकायला पळतील.

उत्क्रांतीत ठरवणारा कोणी नसतो. इंटेलने ३८६ या प्रोसेसरनंतर ४८६ काढला तो ठरवून, तिथे ‘विकास’ पुरे. वेफरच्या नियमाने मेमरी आपोआप मागे पडत गेली, त्याला उत्क्रांती म्हटलं तर मी भांडणार नाही.

प्रश्नकर्ती : पटलं. माझ्या मजकुरात जुनी आवृत्ती बंद करून सगळं क्लाउडवर न्यायचं ठरलंय, म्हणजे रणनीतीच. शेरा मुकाट्याने मान्य करते! आणि ‘एक्झिक्युटिव्ह डिसिजन’? ‘कार्यकारी निर्णय’ चालेल?

प्रतिसाद : ‘कार्यकारी’ म्हटलं की मला तरी बांधकाम खात्याचे कार्यकारी अभियंता दिसतात. शिवाय सेल्स एक्झिक्युटिव्हही एक्झिक्युटिव्हच! ‘वरिष्ठ व्यवस्थापनाचा निर्णय’ लिहा. ऑफिसात आपण ‘वरून आलंय’ म्हणतो, पण ते अहवालात कोण छापणार?