सिगरेट हातातून सुटली की आपोआप विझली पाहिजे, असा कायदा आपल्याकडे का नको?

साचेवाला_सोलापूर:
गेल्या उन्हाळ्यात आमच्या शेडमध्ये जे झालं त्यावरून लिहितोय. टॉवेल विणायचे आठ साचे म्हणजे यंत्रमाग, खाली शेड आणि वरती आम्ही राहतो, इकडं पूर्व भागात कितीतरी घरं अशीच आहेत. संध्याकाळी पाळी बदलताना कुणीतरी सिगरेटचं थोटूक फेकलं ते सूत-रुईच्या वेस्टच्या पोत्यात गेलं. जाळ नाही, काही नाही. रात्री दोनला आई ठसका लागून उठली तर जिना धुरानं भरलेला. खाली गेलो, पोतं वरून जसंच्या तसं पांढरं, पण जवळ हात नेववेना. पाणी मारून फोडलं तेव्हा मधोमध नारळाएवढा लाल गोळा निघाला. इतके तास आतल्या आत धुमसत होतं ते.

तेव्हापासून वाचत बसलोय. बाहेरच्या देशांत सिगरेटच्या कागदालाच दोन-तीन ठिकाणी घट्ट पट्टे असतात, तिथून हवा कमी जाते, ओढणारा ओढत असला तर निखारा पुढं सरकतो, नाहीतर पट्ट्याशी येऊन विझतो. न्यूयॉर्क राज्यानं 2004 ला सक्ती केली, कॅनडानं 2005 ला अख्ख्या देशात, युरोपियन युनियनमध्ये नोव्हेंबर 2011 पासून आहे. आपल्याकडं पाकिटाच्या 85 टक्के जागेवर इशारा छापायची सक्ती आहे, तंबाखूवरच्या कोटपा कायद्यात निकोटिन-टार तपासायची तरतूद आहे, मग थोटूक विझतं का नाही हे का नाही तपासायचं?

बंबवाले_काका:
आई सुखरूप आहेत हे वाचून बरं वाटलं. पण कायद्याला माझा विरोध आहे आणि मी आयुष्य आगी विझवण्यात घालवलंय म्हणून बोलतो. अक्कलकोट रोड एमआयडीसीत 18 मे 2025 ला टॉवेल कारखान्यात आठ जण गेले, तिथं संशय शॉर्टसर्किटचाच होता. मी स्वतः ज्या शेडमध्ये पाइप घेऊन शिरलो तिथं बहुतेक वेळा उघड्या वायरी, बोर्डावर बोटभर रुई आणि मागचं दार मालानं बंद. हे सोडून कागदाच्या पट्ट्यामागं लागायचं?

आणि सिगरेट विझते का बघायची त्या देशांतली टेस्ट काय आहे बघा. फिल्टर पेपरच्या थरांवर 40 सिगरेटी पेटवून ठेवतात, त्यातल्या 10 शेवटपर्यंत जळाल्या तरी माल पास. तुमच्या शेडमध्ये फिल्टर पेपर नाही, रुई आहे आणि वर पंखा चालू. पट्ट्यापर्यंत पोचायच्या आधीच रुई धरते. शिवाय लोक म्हणणार आता आपोआप विझते, टाका कुठंही. लंडनच्या किंग्ज क्रॉस स्टेशनात 1987 ला 31 माणसं मेली ती टाकलेल्या काडीनं, तिथं सिगरेटच्या कागदानं काय केलं असतं?

सरळ_बोलणारा:
सिगरेटच बंद करा ना राव. महाराष्ट्रात सुट्टी सिगरेट विकायला 2020 पासून बंदी आहे, आपल्या सात रस्ता चौकात जाऊन बघा एक तरी टपरी ऐकते का. अजून एक कायदा घेऊन काय करणार?

साचेवाला_सोलापूर:
हाच तर फरक आहे ओ. सुट्टीची बंदी टपरी-टपरीवर पाळायला लागते, कागद मात्र कारखान्यात बदलतो. टपरीवाल्याला, ओढणाऱ्याला, पोलिसाला कुणालाच काही करावं लागत नाही.

काका, वायरिंगचं शंभर टक्के मान्य, माझ्याच बोर्डावर रुई होती, आता रोज झाडतो. पण वायरीसाठी निदान नियम तरी आहेत, थोटकासाठी काहीच नाही. 40 तल्या 10 चं म्हणताय तर साध्या सिगरेटी ठेवल्या तर जवळजवळ सगळ्याच शेवटपर्यंत जळतात की. आणि "सिगरेटचा कागद सोडा, दुसरं बघा" हे अमेरिकेत सिगरेट कंपन्याच म्हणत होत्या. तिथं मोकली नावाच्या खासदारानं 1979 ला बिल आणलं, त्याच्या भागात आई-बाप आणि पाच लेकरं एका सिगरेटच्या आगीत गेली होती. कंपन्या म्हणाल्या सिगरेट पडून पेटतो तो सोफा बदला. मग सोफ्याच्या फोममध्ये आग अडवणारी केमिकल्स भरली, तीच पुढं घरातल्या धुळीत आणि माणसांच्या रक्तात सापडली. कागद बदलायला पंचवीस वर्षं लागली.

सूप_मांडीवर:
माझी आई बिड्या वळते, आजीपण वळायची, म्हणून लिहितेय. बिडी ओढायची थांबली की विझते हे आमच्याकडं पोराटोरांना माहितीये. तेंदूच्या पानातून हवा जात नाही, म्हणून ओढणारा सारखा काडी मागतो. तुम्ही सांगताय तो पट्टा म्हणजे आमचं पानच झालं. पण मला भीती वेगळी वाटते. आई दिवसभर सूप मांडीवर घेऊन हजार बिड्या वळते आणि कारखान्यात चेकरनं खराब म्हणून मूठ भरून छाट काढली की तेवढे पैसे गेले, पान पण तिचं गेलं. उद्या "विझली नाही" म्हणून अजून एक छाट सुरू झाली तर तो भुर्दंड कंपनी सोसणार आहे का? बाईच्याच मजुरीतून जाणार. कायदा करायचाच तर त्यात मशिनवरच्या सिगरेटी एवढंच लिहा, तंबाखूच्या सगळ्या वस्तू असं मोघम लिहू नका.

साचेवाला_सोलापूर:
ताई, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. खासदारांना द्यायच्या निवेदनात मी "तंबाखूजन्य पदार्थ" असंच लिहून ठेवलं होतं. आत्ता खोडून "यंत्रावर तयार होणारी कागदी सिगरेट" केलं. बिडी यात येणार नाही, असं वेगळं वाक्यपण टाकतो.

बंबवाले_काका:
पोत्याचं काय केलंत ते सांगा आधी.

साचेवाला_सोलापूर:
पत्र्याचा डबा आणलाय झाकणाचा, दारापासून लांब ठेवलाय, वेस्ट रोज संध्याकाळी बाहेर जातं.

बंबवाले_काका:
झाकण लावलेलं असलं तरच उपयोग, नाहीतर ते पोतंच. मागच्या दारासमोरच्या गाठी पण हलवा. निवेदनावर आत्ता मी सही करणार नाही. त्यात शेडच्या वायरिंग तपासणीची मागणी पहिल्या नंबरवर घाला आणि पट्टा असला तरी थोटूक पायानं विझवायचं हे पाकिटावर छापायला लावा, मग घेऊन या, घरीच असतो मी.

साचेवाला_सोलापूर:
वायरिंगचं पहिल्या नंबरवर घेतो. रविवारी येतो सकाळी.