कायरोप्रॅक्टरकडे जाण्याआधी सांध्याचा विचार करा

ऑपरेशन करून खुब्याचा सांधा बदलला, वर्ष होत आलं तरी कंबर आणि मांडीचा सांधा दुखतोय, काय करू, असं तुम्ही विचारलंय; त्यावर एकदा कायरोप्रॅक्टरकडे (हाताने झटके देऊन मणक्यावर उपचार करणाऱ्याकडे) मणका ‘बसवून’ घ्या, असं दोघांनी सुचवलंय. साध्या कंबरदुखीला त्याने थोडाफार आराम पडतो, हे मान्य. पण कंबर मोकळी करायची त्यांची नेहमीची पद्धत बघा: कुशीवर झोपवायचं, वरचा गुडघा वाकवून पोटाकडे घ्यायचा, पलीकडे झुकवायचा आणि झटका द्यायचा. मागच्या बाजूने छेद घेऊन खुबा बदललेल्यांना नेमकं हेच टाळायला सांगतात. मांडी पोटाकडे ९० अंशांच्या वर वाकवणं नको, पाय ओलांडून पलीकडे नको, आत वळवणं नको. सांधा निखळायची भीती याच स्थितीत सगळ्यात जास्त. यूट्यूबवर कडाकड आवाज काढून घेणारे बहुतेक धडधाकट असतात हो!

आमच्या सासूबाईंचं दुखणं मणक्याचं नव्हतंच. फिजिओथेरपिस्टने त्यांना ओट्याला धरून फक्त ऑपरेशनच्या पायावर उभं केलं, तर दुसऱ्या बाजूची कंबर खाली घसरली. कुल्ल्याचा स्नायू कमजोर, म्हणून प्रत्येक पावलाला ताण कमरेवर. मग कुशीवर पडून पाय उचलायचा कंटाळवाणा व्यायाम सुरू झाला, आणि फरक पडला, सावकाश. तुम्ही आधी सर्जनकडून एक्स-रे काढून बसवलेला सांधा सैल तर झाला नाही ना, ते बघून घ्या. ताप येत असेल किंवा रात्री पडल्यापडल्याही ठणकत असेल तर उद्याच जा.